कोपरा फाटलेली नऊ कार्डं

पोस्टाच्या पेटीत कार्ड टाकण्याआधी मी त्याच्या चारी कोपऱ्यांवरून बोट फिरवतो. मागे कुणी खोळंबलं असलं तरी फिरवतो. एकदा फिरवून समाधान होत नाही म्हणून पुन्हा फिरवतो. घरातली माणसं हसतात. ‘भरतीच्या खिडकीवरचे अनुभव लिहा’ असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं, तेव्हा होकाराचं कार्डही मी असंच चाचपून टाकलं. ते आत पडल्याचा आवाज आला आणि मग उगाच वाटलं, नीट बघितलं ना?

ही सवय कुठून लागली ते सांगायला बसलोय. पण आधी खिडकी.

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कारखाना होता. उसाचे चरक आणि विहिरीवरचे रहाट बनवायचा. लढाईच्या वर्षांत तिथून तंबूच्या खुंट्या आणि लोखंडी कड्या सरकारकडे जायच्या. लढाई थांबली तसे पुन्हा चरक सुरू झाले आणि त्यांच्या जोडीला तेलावर चालणारी इंजिनं. फाटकाला लागून टाइम ऑफिस म्हणजे हजेरीची कचेरी, आणि टाइम ऑफिसला रस्त्याच्या अंगाला छातीइतक्या उंचीवर एक खिडकी. खिडकीला तीन गज. गजांच्या आत मी, बाहेर नोकरी मागणारा.

भरती कारकून म्हणजे माणसं ठेवणारा नव्हे, हे स्पष्ट लिहितो, कारण गावोगावी माझ्याबद्दल भलताच समज होता. माणूस ठेवायचा की नाही ते फोरमनसाहेब ठरवायचे. आलेल्या अर्जांतून कुणाला बोलवायचं ते टाइम ऑफिसचे मुख्य भूपालआण्णा ठरवायचे. मी अर्ज घ्यायचा, वहीत चढवायचा, बोलावण्याचं कार्ड लिहून पोस्टात टाकायचं आणि तो दिवस आला की नावं पुकारायची. एवढंच. तरी लोक मला वाकून रामराम घालायचे आणि मी आतल्या आत चोरट्यासारखा व्हायचो. कारण तीन वर्षांपूर्वी त्याच खिडकीच्या बाहेर मी उभा होतो.

मी संगमेश्वराकडचा. वडील गेले तेव्हा इंग्रजी दुसरीत होतो, तिथेच शाळा संपली. ओळखीच्या एका गृहस्थांबरोबर आंबा घाट चढून सांगलीला आलो, ते गृहस्थ पुढे मिरजेला गेले आणि मी राहिलो. अर्ज लिहिला तो तीन पानांचा. वडिलांचा आजार, आईचे हाल, गळकं घर, ‘मायबाप’ पाच वेळा आणि ‘चरणरज’ दोन वेळा. भूपालआण्णांनी तो उभ्यानेच वाचला. आण्णा सांगलीजवळच्या खेड्यातले जैन शेतकऱ्याच्या घरातले, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून पाचाला डबा उघडणारे, अंगाने रुंद आणि आवाजाने त्याहून.

“ह्यात तुजा बा कशानं गेला ते कळलं,” ते म्हणाले. “आई रडती तेबी कळलं. तुला काय येतं ते कुठं लिवलंयस?”

मी म्हणालो, “अक्षर बरं आहे.”

“ते दिसतंयच की. मग तीन पानं कशाला रं काळी केली? एक ओळ लिव, ‘अक्षर बरं आहे.’ वाचनाराचा जीव तरी वाचंल.”

त्या एका ओळीवर मला घेतलं. शिक्षण विचारलं नाही, जामीन मागितला नाही. पुढे कित्येक वर्षं सकाळी फाटकातून आत शिरताना मला वाटायचं, आज आण्णा म्हणणार, कोकण्या, चूक झाली, तू जा परत. म्हणून मी वेळेआधी अर्धा तास यायचो. कोणाची वाट बघत असल्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसायचो. आण्णा म्हणायचे, “आरं, टेकून बस, खुर्ची काय तुला खातीया?”

या खिडकीवर मी जे शिकलो ते सगळं त्या पहिल्या बोलण्यातच होतं. मागणाऱ्याला वाटतं, आपली गरज सांगावी. देणाऱ्याला हवं असतं काम. दोघं एकमेकांसमोर उभे राहून दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात, आणि मधे तीन गज.

तऱ्हा किती! ऊसवाल्या घरची माणसं यायची, त्यांची रीत उलटी. गरज दाखवणं म्हणजे अब्रू जाणं. एकाने अर्जात सगळी जमीन लिहिली, विहिरी लिहिल्या, बैलांची नावंसुद्धा लिहिली आणि शेवटी, ‘नोकरीची आम्हांस जरूर नाही, परंतु कारखान्यास माणूस हवा असे ऐकिले.’ आण्णांनी तो अर्ज सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला आणि म्हणाले, “ह्येला आपनच अर्ज करू या. एकांदा बैल तरी देतोय का बघू.”

आणखी एक रीत होती, तिने मात्र चांगली चांगली माणसं वाया घालवली. थोरल्यासमोर धाकट्याने तोंड उघडायचं नाही. पंचविशीचा, मिशा फुटलेला गडी खिडकीशी यायचा आणि त्याच्याबरोबर चुलता. मी विचारायचो, “लेथवर काम केलंय का?” चुलता म्हणायचा, “केलंय की.” “कुठे?” “किर्लोस्करी पद्धतीचा पंप हाय आमच्यात, त्यो ह्योच बगतो.” गडी खाली बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा. आत नेला तरी चुलता बरोबर. फोरमनसाहेब पुण्याचे, त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. ते कागदावर लिहायचे, ‘मंद दिसतो.’ मग मी एक युक्ती काढली. चुलत्याला म्हणायचो, “तात्या, तुमची सही लागेल, या इकडे बाकावर बसा.” चुलता सहीच्या मानाने खूश होऊन बसायचा आणि तेवढ्यात गडी आत एकटा जायचा. गडी बाहेर आला की चुलता विचारायचा, “सही?” मी एका कोऱ्या कागदावर घ्यायचो. अशा सह्यांचा माझ्याकडे गठ्ठा झाला होता.

लढाई संपल्यावर फौजेतून नाव कापून आलेले शिपाई यायला लागले. त्यांच्यातला सदू माने मला पहिल्या दिवसापासून आवडला.

तासगावच्या पुढे दोन कोसांवर त्याचं गाव. फौजेच्या वर्कशॉपात होता, बसऱ्याला. खिडकीपुढे येऊन त्याने टाचा जुळवल्या आणि विचारलं, “साब, अर्जात काय लिवायचं असतं?”

“साब म्हणू नका. तुम्हाला काय येतं ते लिहा.”

“गरिबी लिवायची न्हाई?”

“नको.”

“बरं झालं. ती लिवायला मला येत बी न्हाई.”

बाकावर बसून त्याने चार ओळी लिहिल्या. लारीचं इंजिन खोलून परत जोडतो. डिझेलचंही जमतं. बिघाड आवाजावरून सांगतो. दारू पीत नाही. आण्णांनी वाचलं आणि कागद टेबलावर आपटला. “ह्यो मानूस पायजे. पर सायेब बोलवायला सांगतील तवा.”

साहेब सांगेपर्यंत सदू तीन वेळा येऊन गेला. तिसऱ्या खेपेला बाकावर बसून बोलला. घरी थोरले दोन भाऊ, ऊस त्यांच्या हातात. हा फौजेतून आलेला, बूट घालून रानात जाणारा. “भाऊ म्हनत्यात, सायबाला खुर्ची द्या कुनीतरी. आयला तेवढं वाईट वाटतं. मी बसऱ्याला हुतो तवा पाच वर्सं ती रोज येशीपतुर येऊन उभी ऱ्हायची म्हनं. हितं न्हाई जमलं तर ममईला गोदीत जायचं ठरलंय, गडी वाट बघतोय तिकडं. पर आय म्हनती, आता येका दिसात जाऊन यावं येवढ्याच लांब जा.”

“कार्ड कुठे टाकू? इथे सांगलीत कोणी आहे का?”

“भन हाय की, हौसा. खनभागात दिलीया. पर तिच्या घरी नगं. भनीच्या सासरी भाऊ रिकामा हाय म्हनून कार्ड यायचं, आन सासरा ते वाचायचा. गावाकडंच धाडा.”

म्हणून कार्ड गावाकडे धाडायचं ठरलं. पुढच्या शुक्रवारी दुपारी चारपर्यंत नऊ जणांना बोलवायचं, इंजिन खात्यातल्या जागा त्या दिवशी भरायच्या, असा साहेबांचा हुकूम आला. सदू म्हणाला होता, त्या आठवड्यात बोलावणं आलं तर हितं, न्हाईतर त्याच्या पुढच्या सोमवारी ममई.

सोमवारी मी नऊ कार्डं लिहिली, बऱ्या अक्षरात, दात्याच्या चाकाचा कारखान्याचा शिक्का मारून. साहेबांची सही होईपर्यंत ती नेहमीच्या जागी ठेवली. ती जागा म्हणजे टेबलावर लाकडी चकतीत उभी ठोकलेली एक सळई. कागद तिच्यात टोचून ठेवायचे. मजकुराला भोक पडू नये म्हणून मी कार्डं वरच्या डाव्या कोपऱ्यात टोचली. साहेबांनी तशीच एकेक उलटून सह्या केल्या. तेवढ्यात पोस्टाचा माणूस फाटकाशी आला आणि आण्णा ओरडले, “आटप रं, टपाल निगालं!” मी घाबरट. नऊच्या नऊ एका मुठीत धरून आडवी ओढली. टर्र आवाज झाला. बघितलं, कोपरे गेले होते, पण अक्षर एक गेलं नव्हतं, तिकिटाच्या छापाला धक्का नव्हता. मजकूर शाबूत. दिली.

शुक्रवार उजाडला. दोनपर्यंत चारच जण आले. चौघंही कसनुसे. एकाने तर खिडकीपाशी येऊन आधी “सगळं बरं हाय न्हवं?” असं विचारलं. मला ते विचित्र वाटलं, पण मी रस्त्याकडे बघत होतो. सदू नाही. नऊतले पाच येत नाहीत असं कधी झालं नव्हतं. आण्णा दोनदा येऊन माझ्याकडे बघून गेले.  ते समजतील मी कार्डं टाकलीच नाहीत. किंवा त्याहून वाईट, माझ्या ओळखीच्या कुणासाठी जागा अडवली. मी उठत होतो, बसत होतो, दऊत उघडत होतो, मिटत होतो.

अडीचच्या सुमारास कुंडलकडचा एक म्हातारा आला. हातात काठी, काठीच्या चिरलेल्या टोकात एक कार्ड धरलेलं, अंगापासून हातभर लांब. त्याने काठी गजांतून आत केली.

“आवं, ह्यो चाकाचा शिक्का तुमचाच न्हवं?”

“हो.”

“मग सांगा बाबा. आमचं सांगलीत कुनीच न्हाई. गावात समद्यास्नी इचारून झालं, वाचाय कुनी हात लावंना. मेलं कोन?”

मी कार्डाकडे बघितलं. डावा कोपरा नव्हता.

आजच्या वाचकांपैकी काहींना ठाऊक नसेल म्हणून लिहितो. कुणी गेल्याचं कळवायचं तर कार्डाचा कोपरा फाडून ते टाकायचे. असं कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. उभ्याने वाचायचं, वाचून फाडायचं, अंघोळ करायची. पुष्कळ ठिकाणी तर वाचायचंही धैर्य होत नाही, कोपरा बघितला की कळतं. ही रीत घाटाखाली आहे, घाटावर आहे. मलाही ठाऊक होती, चांगली ठाऊक होती. वडिलांचं दुःख मामांना मीच असं कळवलं होतं, माझ्या हाताने कोपरा फाडून. घरून आईबद्दल असं कार्ड येईल म्हणून पोस्टमन दिसला की मी दुसरीकडे बघायचो. आणि तोच मी नऊ घरांत ती पाठवून ‘मजकूर शाबूत’ म्हणून बसलो होतो. तीन वर्षं कार्डं लिहून लिहून मला ती नुसता कागद वाटायला लागली होती. माझ्याकडून बोलावणं गेलं होतं, त्यांच्या दारात मरणाचं पत्र पोचलं होतं.

म्हाताऱ्याला मी कसंबसं सांगितलं. त्याने आधी काठीवर कपाळ टेकलं, मग हसला, मग म्हणाला, “माजं पोरगं नोकरीला घेताय व्हय? आन मी घरात सांगून आलोय, रडून घ्या, मागनं बघू कोनासाटी ते.” त्याला बाकावर बसवलं आणि माझ्या मनात एकदम सदूची बहीण आली. सांगलीत दिलेली. सांगलीहून कोपरा फाटलेलं कार्ड.

आण्णांना सांगायची छाती झाली नाही. “जरा जाऊन येतो,” म्हणून ऑफिसची सायकल काढली आणि खणभाग गाठला. घर शोधावं लागलं नाही. आवाजावरून सापडलं.

अंगणात पाण्याच्या घागरी, पाचसहा माणसं ओलीचिंब, सगळी एकाच वेळी बोलतायत. मधोमध हौसा, पिठाच्या हातांनी, रडत आणि हसत. झालं ते असं. गुरुवारी सदूच्या गावी पोस्टमनने कार्ड उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि तोंड न उघडता पाठ फिरवली. असली बातमी कुणाला आपल्या तोंडून द्यायची नसते. सदूची आई एकटी घरात. “कुठलं रं?” म्हणून तिने मागून ओरडून विचारलं तेव्हा “सांगलीचं” एवढंच तो बोलला. तिला वाचता येत नव्हतं आणि वाचायची गरजही उरली नव्हती. तिने कार्डाचे तुकडे करून पाटाच्या पाण्यात सोडले. सदू रानातून येईपर्यंत ते वाहून गेलेले, आणि त्या दिवसाची मोटार निघून गेलेली. ती रात्र त्यांनी कशी काढली ते मी कधी विचारलं नाही. शुक्रवारच्या मोटारीने सगळी सांगलीला आली आणि हौसाच्या दारात येऊन गळा काढला, तेव्हा हौसा भाकरी थापत होती.

हौसाचा सासरा, तात्या, दारात आडवा उभा होता. “माज्या जित्या सुनंला रडाय आलाय! त्या रडन्याची अंगूळ करा, मग घरात पाय टाका.” म्हणून हे स्नान.

“पर कार्ड धाडलं कुनी?” सदूची आई विचारत होती. लहानखुरी म्हातारी, निथळणारा पदर कमरेला खोचलेला. “कुना मुडद्यानं कोपरा फाडला? माज्या म्होरं आनून हुबा करा त्येला.”

कोणी आणून उभा करायची गरज नव्हती. मी सायकल भिंतीला लावली आणि म्हणालो, “मी फाडला.”

 मी सळई सांगितली, टपाल सांगितलं, नोकरी सांगितली. म्हातारी जवळ आली, खालून वर माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांची बोटं माझ्यावरून कडाकडा मोडली.

“कुठला रं तू?”

“कोकणातला.”

“आय हाय का तुला?”

“आहे.”

“तिला धाड असलं कार्ड. मग कळंल.”

 तेव्हा तात्याच बोलले, आवाज जरा खाली आणून. “जाऊ दे, ईनबाई. मेल्याची खोटी आवई उठली की आयुक्ष वाढतं म्हनत्यात. आमच्या सुनंची शंबरी भरली आज.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आन नोकरी कवाची म्हनला?”

“आजची. चारपर्यंत.”

सदू मघापासून खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. कागद गावाकडं. धोतार असं. आयला सोडून आता कुठं?”

म्हातारी त्याच्यावर उसळली. “आन सोमवारी ममईला जातुयास तवा सोडत न्हाईस व्हय मला? जा! ह्या कोपरेफाड्याच्या मागं बस आन जा!”

तो मागे बसला. एवढा आडदांड फौजी आणि चालवणारा मी. वाटेत मी विचारलं, “साहेब उशिराचं कारण विचारतील. काय सांगाल?”  त्याच्या धोतराचं पाणी चाकावरून उडून माझ्या पाठीवर येत होतं.

पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. फोरमनसाहेब वही मिटत होते. आण्णा शेजारी उभे. सदूने टाचा जुळवल्या.

“वेळ चारची होती,” साहेब म्हणाले.

“हां साब.”

“उशीर का?”

“उशीर झाला, साब.”

“ते दिसतंय. कारण?”

“कारन न्हाई, साब.”

“कागदपत्रं?”

“गावाकडं हायत, साब.”

साहेबांनी त्याच्या ओल्या धोतराकडे, मग खाली साचणाऱ्या पाण्याकडे बघितलं. “शिपायाला वेळ पाळता येत नसेल तर तो इंजिन काय सांभाळणार?” म्हणाले आणि नावावर आडवी रेघ ओढली.

मी दाराशी उभा होतो. कारण मला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. तो माझ्यासाठी गप्प राहिला हे मला तिथल्या तिथे कळलं, आणि तरी माझं तोंड उघडलं नाही. मला घर दिसलं, घाट दिसला, आण्णा म्हणताना दिसले, कोकण्या, जा परत. सदूने सलाम ठोकला, वळला, माझ्याजवळून बाहेर पडला. जाताना माझ्याकडे बघून अगदी थोडंसं हसला. फरशीवर त्याच्या ओल्या पावलांचे ठसे दारापर्यंत गेले होते. मी किती वेळ ते ठसे बघत उभा होतो ते आता सांगता येत नाही. फार नसेल. पण होता तेवढा वेळ मला अजून पुरतो.

मग मी म्हणालो, “साहेब, चूक माझी आहे.”

सगळं सांगितलं. साहेब पुण्याचे असले तरी कोपरा म्हटल्यावर त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. “किती कार्डं?” त्यांनी विचारलं.

“नऊ.”

“नऊच्या नऊ?”

“हो.”

“म्हणजे नऊ घरांत तू...” ते थांबले. मला वाटलं, आता शब्द येतो. तेवढ्यात आण्णा पुढे झाले. “सायेब, टपाल चुकतंय म्हनून मीच त्येच्या मागं लागलो. त्यो तसा सावकाश काडत हुता.” मी सावकाश काढत नव्हतो. आण्णांच्या घरी खोटं बोलणं पाप, एवढं मला ठाऊक होतं. ते माझ्याकडे न बघता डबा उघडायला लागले. अजून पाच वाजले नव्हते.

सदूला मी फाटकाबाहेरून बोलावून आणला. साहेबांनी एकच विचारलं, “इंजिन चालतंय, पण धूर काळा टाकतंय. काय करशील?”

“आदी हवा गुदमरतीया का बगतो, साब. जाळी साफ करतो. मग नाझल खोलून बगतो, तेल टपकतंय का. पर त्येच्या आदी गप हुबा ऱ्हाऊन आईकतो.”

“काय ऐकतोस?”

“ते काय म्हनतंय ते.”

साहेबांनी वही पुन्हा उघडली. रेघेच्या वर नाव परत लिहिलं. “सोमवारी ये. कोरडा होऊन ये.”

कुंडलच्या म्हाताऱ्याला त्यांनी पोराला सोमवारी आणायला सांगितलं. माझी शिक्षा अशी, की उरलेल्या तिघांकडे नवी कार्डं मी स्वतः घेऊन जायची, त्यांच्या हातात द्यायची आणि जुन्याबद्दल माफी मागायची. ते होईपर्यंत माझ्या खुर्चीचं काही सांगता येत नाही. मी गेलो. दोघं भेटले, एकाने शिव्या दिल्या आणि जेवायला घातलं, दुसऱ्याने नुसत्याच शिव्या दिल्या. तिसरं घर औंधकडे. तिथे बाईने दार उघडलं. म्हणाली, “कार्ड आलं तसं त्येनी म्हनले, आदीच घरात साडेसाती, त्यात ह्ये. वाचलं बी न्हाई. परवा ममईला गेले.” नवं कार्ड तिने हातात घेतलं, चारी कोपरे बघितले आणि विचारलं, “आता ह्येचं काय करू?” मी त्याला मुंबईच्या पत्त्यावर दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. खुर्ची माझी राहिली, पण तिच्यावर टेकून बसायला मी त्यानंतरही शिकलो नाही.

ती सळई मी त्याच आठवड्यात कारखान्याच्या भंगारात टाकली. 

सदू इंजिन खात्यात लागला आणि टिकला. शनिवारी मोटारीने गावी जायचा, सोमवारी सकाळी परत. त्याची आई अधूनमधून हौसाकडे यायची तेव्हा मला निरोप यायचा, कोपरेफाड्याला जेवाय बोलवा. मी गेलो की वाढायच्या आधी ती विचारायची, “आयचं पत्र आलं का? कोपरं बगितलं का?” आणि स्वतःच हसायची. कोकणातली माणसं मासे खाऊन खाऊन वाळकी होतात असं तिचं मत होतं. परत निघताना भाकरी बांधून द्यायची. सांगलीत सणावाराला मला ते एकच घर.

पुढे दोनेक वर्षांनी ती आजारी पडली. सदू रजा काढून गावी गेला. आठव्या दिवशी सकाळी मी खोलीच्या दारात दाढी करत होतो तेव्हा पोस्टमन आला. त्याने कार्ड माझ्या हातात दिलं नाही. उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि काही न बोलता गेला.

डावा कोपरा फाडलेला होता. सरळ, जपून, कात्रीने कापल्यासारखा.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायला नको. मग पत्त्याचं अक्षर ओळखलं, चार ओळींच्या अर्जातलं. मजकूरही तसाच होता. ‘आई काल गेली. मी जवळ होतो. शेवटपर्यंत ओळखत होती. तुम्हांस कळवावे म्हणून.’

कारखान्यात सगळ्यांना ते तोंडी कळलंच असतं. कुणाही ओळखीच्याला साधं कार्ड चाललं असतं. कोपरा फाडून कार्ड टाकतात ते घरच्यांना, ज्यांना अंघोळ लागते त्यांना. माझं तिथे रक्ताचं कोणी नव्हतं आणि मी त्या घरी कोण होतो हे मला कधी नीट कळलं नव्हतं. अर्धी दाढी साबणात तशीच ठेवून मी उभ्याने ते दुसऱ्यांदा वाचलं. मग रीतीप्रमाणे फाडलं. आणि वाड्याच्या चौकातल्या नळाखाली जाऊन बसलो.